एवढे मोठे देऊळ कोणासाठी?

जुन्या गोव्याची यात्रा करून आलेला भाविक घरी परतला, की शेजारीपाजारी त्यास प्रथम काय विचारतात? देऊळ किती मोठे, हेच विचारतात. मग तोही हात पसरून, मान उंचावून खांबांची जाडी आणि घंटेचा घेर सांगू लागतो. यात वावगे काही नाही. मोठ्या वस्तूपुढे माणसाचे मन आपोआप नम्र होते, आणि नम्र मनात देवास शिरावयास वाट सापडते. परंतु मापे सांगून झाली म्हणजे यात्रा सांगून झाली असे मात्र नव्हे.

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसमवेत आम्ही जुन्या गोव्यास गेलो असता, तेथील 'से' महामंदिरात सकाळची मिस्सा आटोपल्यावर आमच्या मंडळीतील एका गृहस्थांनी आम्हांस एक प्रश्न केला. सारा जन्म तापीकाठी केळीच्या बागेत घालविलेले ते गृहस्थ. भोवतालचे उंच खांब न्याहाळीत ते म्हणाले, "फादर, एवढं मोठं देऊळ, अन् मिस्सेला आपण धरून पन्नास माणसंसुद्धा नाहीत. मग हे बांधलं तरी कोणासाठी?"

प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही. शिवाय तो एकट्या त्या गृहस्थांचा प्रश्न नाही. खेड्यातल्या पत्र्याच्या छपराखाली रविवार पाळणाऱ्या आपल्या पुष्कळ कुटुंबांच्या मनात तो असतो, आणि त्याच्या पाठोपाठ दुसराही असतो: तेथे एवढे मोठे, आणि आमचेच एवढेसे का? यास्तव या आठवड्याचे हे सदर आम्ही त्या प्रश्नासाठीच राखले आहे.

प्रथम नावाचा उलगडा करू. 'कॅथेड्रल' हा शब्द ज्या मूळ शब्दापासून आला त्याचा अर्थ 'आसन', साध्या भाषेत 'खुर्ची', एवढाच आहे. पोर्तुगीज भाषेतील 'से' हा शब्दही लॅटिनमधील आसनवाचक शब्दापासूनच निघाला. ज्या देवळात बिशपमहोदयांचे आसन असते ते कॅथेड्रल. मग ते लहान असो की मोठे. उंचीने, खांबांनी किंवा घंटेने कोणतेही देऊळ महामंदिर होत नाही. ते आसनाने होते. आणि हे आसन राज्य करण्यासाठी नसून शिकविण्यासाठी असते. पूर्वकाळी गुरू बसून शिकवीत असत. आपला प्रभूही डोंगरावर चढून बसला आणि मग त्याने आपल्या शिष्यांना उपदेश केला, असे संत मत्तयाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. बिशप हे प्रेषितांचे वारस. प्रेषितांनी दिलेली शिकवण त्यांनी त्या आसनावरून आपणांस द्यावी, यासाठी ते आसन आहे.

गोव्यात हे आसन सन १५३४ मध्ये स्थापन झाले. त्या धर्मप्रांताची हद्द ऐकली तर आज नवल वाटेल. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून थेट चीन-जपानपर्यंतचा सारा मुलूख या एका आसनाकडे पाहत असे. ६ मे १५४२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले, ते याच विस्तीर्ण क्षेत्रात काम करण्यासाठी. सन १८८६ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपांस पेट्रिआर्क ही पदवी मिळाली, आणि सन २०२२ मध्ये तेथील आर्चबिशप फिलीप नेरी फेर्रांव यांस पोप फ्रान्सिस यांनी कार्डिनलपद दिले. म्हणजे पोर्तुगिजांचे राज्य गेले, त्यांचे व्हाइसरॉय गेले, परंतु आसन राहिले. त्यावर आज गोव्याच्याच भूमीचे सुपुत्र बसतात. राज्य आणि आसन या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे यावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

आता देवळाकडे वळू. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द अल्बुकर्क याने गोवे शहर आदिलशाहीकडून जिंकून घेतले. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनच्या सणाचा होता. म्हणून तिच्या नावाने तेथे एक देऊळ उभारण्यात आले. ते कसे होते? दगडमातीच्या भिंती आणि वर गवताचे छप्पर! आमच्या निमाडातील पाड्यापाड्यांवर जी प्रार्थनाघरे आहेत त्यांहून ते काही निराळे नसावे. ज्यांस आपल्या चर्चच्या लहानपणाची लाज वाटते त्यांनी हे विसरू नये, की आज ज्याच्यापुढे आपण मान उंचावून उभे राहतो त्या महामंदिराचा पूर्वज गवताने शाकारलेला होता.

आजच्या इमारतीचे काम सन १५६२ मध्ये सुरू झाले. त्या वेळी पोर्तुगालच्या गादीवर दों सेबास्तियांव हा राजा होता, आणि खर्च राजाच्या खजिन्यातून होत असे. मुख्य बांधकाम सन १६१९ मध्ये पुरे झाले. वेद्या पूर्ण व्हावयास मात्र सन १६५२ उजाडले. हिशेब करून पाहा: पहिल्या चिऱ्यापासून शेवटच्या वेदीपर्यंत नव्वद वर्षे गेली! ज्या गवंड्याने पायात चिरा बसविला त्याने छप्पर पाहिले नाही. ज्याने छप्पर घातले त्याने वेदीवरचे सोने पाहिले नाही. नातवाने आजोबांच्या भिंतीवर चुन्याचा हात फिरविला. कोकणचा जांभा दगड भुसभुशीत. तेथील धुवाधार पावसात तो उघडा ठेवून चालत नाही. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा द्यावा लागतो, आणि पावसाने खाल्लेला गिलावा पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. एकदा बांधून मोकळे व्हावे असे हे देऊळ नाही. बांधणाऱ्यांइतकाच जपणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. आणि ते बांधणारे हात बहुतांशी या मातीतलेच होते, याचा आपणांस विसर पडू नये. व्हाइसरॉयांची नावे शिलांवर कोरली गेली. गवंड्यांची नावे देवाच्या वहीत आहेत.

देवळाची लांबी २५० फूट, रुंदी १८१ फूट आणि दर्शनी भिंतीची उंची ११६ फूट आहे. बाहेरून पांढरे, साधे, काहीसे कठोर. आत शिरल्यावर मात्र नजर सरळ दूरच्या मुख्य वेदीकडे ओढली जाते. ती वेदी संत कॅथरिनला वाहिलेली असून तिच्या हौतात्म्याचे प्रसंग तिच्यावर कोरून सोन्याच्या मुलाम्याने मढविले आहेत. परंपरा सांगते, की या विदुषी कुमारिकेने पन्नास पंडितांशी वाद करून त्यांस निरुत्तर केले, आणि त्यानंतर आपल्या श्रद्धेसाठी प्राण दिला. दोन्ही बाजूंस लहान वेद्यांची रांग आहे. एका वेदीत चमत्काराचा क्रूस म्हणून ओळखला जाणारा मोठा क्रूस आहे. त्यापुढे गुडघे टेकून आपल्या आजारी मुलाबाळांसाठी विनवणी करणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या. मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' टांगलेली आहे. ती सोन्याची नव्हे. तिचा नाद मधुर आणि भरदार आहे म्हणून तिला ते नाव पडले. सन १६५२ मध्ये ती कुंकळ्ळी या गावी ओतली गेली. या गावाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

परंतु आम्हांस विचाराल तर या साऱ्या वैभवात सर्वांत मोलाची वस्तू आहे ती बाप्तिस्म्याचे जुने कुंड. ते सन १५३२ चे, म्हणजे आजच्या इमारतीहूनही तीस वर्षांनी जुने आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांनी या कुंडातील पाण्याने अनेकांस स्नानसंस्कार दिला, अशी परंपरा आहे. पाहुणे त्यापुढे फारसे थांबत नाहीत, कारण ते चकाकत नाही. परंतु वेदीवरचे सोने आपल्या गावी नाही. बाप्तिस्म्याचे कुंड मात्र आपल्या गावी आहे, आणि त्यातील पाण्याने मिळणारी कृपा गोव्यात अधिक आणि निमाडात उणी अशी नाही.

आता आमच्या वाचकांस, विशेषतः बुऱ्हाणपूरच्या आसपास राहणाऱ्यांस, एक गोष्ट सांगावयाची आहे. आपल्या गावाचा आणि या महामंदिराचा काय संबंध, असे कोणी विचारील. तर संबंध आहे, आणि तो चारशेहून अधिक वर्षांचा आहे.

सन १६०० मध्ये अकबर बादशहा दख्खनच्या स्वारीवर बुऱ्हाणपुरास आला आणि येथून सुमारे २० किलोमीटरांवरील असीरगडास त्याच्या सैन्याने वेढा दिला. बादशहाच्या छावणीत त्या वेळी दोन जेझुइट होते. एक फादर जेरोम झेवियर, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बहिणीचे नातू. आणि दुसरे बंधू बेन्तो द गोइस. गड काही केल्या पडेना, तेव्हा पोर्तुगिजांकडून तोफा आणि दारूगोळा मिळवावा, असे बादशहाच्या मनात आले. चौलच्या पोर्तुगिजांस तसे पत्र लिहा, अशी त्याने फादर झेवियर यांस आज्ञा केली. हे काम ख्रिस्ती धर्माच्या विरुद्ध आहे, असे सांगून फादरांनी नकार दिला. खानदेशच्या राजाशी पोर्तुगिजांचा तह होता, हेही त्या नकारामागील एक कारण होते, असे जुने जेझुइट लेखकच सांगतात. बादशहा संतापला आणि त्याने त्यांस आपल्या नजरेसमोरून दूर होण्यास फर्माविले. पुढे त्याचा राग निवळला. ज्या मातीत आज आपण केळी आणि कापूस पिकवितो तेथेच एका निःशस्त्र धर्मगुरूने हिंदुस्थानच्या सर्वांत बलाढ्य माणसास 'नाही' म्हटले, ही गोष्ट आपल्या मुलांस आपण सांगितली पाहिजे.

जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. त्यानंतर बादशहाने गोव्यास आपला वकील पाठविला आणि त्याच्याबरोबर बंधू बेन्तो गेले. हे बेन्तो कोण? अटलांटिक महासागरातील अझोर बेटांवर सन १५६२ मध्ये जन्मलेले, पूर्वायुष्यात सैनिक असलेले आणि धर्मगुरूपदाची इच्छा न धरता साधे बंधू म्हणून राहिलेले एक नम्र सेवक. ज्या वर्षी महामंदिराचा पाया घातला त्याच वर्षी त्यांचा जन्म झाला. ते बुऱ्हाणपुराहून गोव्यास पोहोचले तेव्हा ते स्वतः एकोणचाळीस वर्षांचे होते, आणि देऊळही एकोणचाळीस वर्षांचे असून अपुरेच होते. ते पुरे व्हावयास आणखी अठरा वर्षे होती. बंधू बेन्तो यांनी ते पूर्ण झालेले कधीच पाहिले नाही. पुढे त्यांस लाहोरहून पर्वत आणि वाळवंटे ओलांडून चीनकडे पाठविण्यात आले, आणि सन १६०७ मध्ये चीनच्या सीमेवरील सूचाऊ या गावी त्यांनी देह ठेवला. जुन्या ग्रंथांत 'कॅथे' म्हणून वर्णिलेला देश म्हणजेच चीन, हे त्यांच्या प्रवासाने सिद्ध झाले. ज्याने अपुरे देऊळ पाहिले आणि अपुऱ्या वाटेवरच प्राण सोडला, त्याचे काम मात्र अपुरे राहिले नाही.

तेव्हा आमच्या त्या गृहस्थांच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग येथे सुटतो. हे देऊळ कोणासाठी बांधले? जे त्या वेळी जन्मलेही नव्हते त्यांच्यासाठी. बांधणारे स्वतःसाठी बांधीत असते तर गवताचे छप्पर पुरेसे होते.

परंतु उरलेला अर्धा भाग अवघड आहे. एवढे मोठे देऊळ आज रिते का? कारण त्याच्या भोवतीचे शहर नाहीसे झाले. एके काळी आशियातील मोठ्या नगरांत गणले जाणारे हे गोवे शहर पटकी आणि हिवताप यांच्या साथींनी उजाड होऊ लागले. व्हाइसरॉयांनी आपले वास्तव्य हलविले, श्रीमंत गेले, त्यांच्यामागे दुकानदार गेले, आणि सन १८४३ मध्ये पणजी हीच अधिकृत राजधानी झाली. तत्पूर्वी, सन १७७६ मध्ये, महामंदिराच्या दोन मनोऱ्यांपैकी उत्तरेचा मनोरा कोसळला. तो पुन्हा बांधला गेला नाही. म्हणून आजही हे देऊळ एका बाजूने उंच आणि दुसऱ्या बाजूने ठेंगणे दिसते. जणू एक हात गमावलेला, तरीही ताठ उभा असलेला वृद्ध.

तेथून जवळच्या टेकडीवर ऑगस्टिन संघाचे देऊळ होते. सन १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले आणि मठ ओस पडला. सन १८४२ मध्ये छताची कमान ढासळली, आणि सन १९३१ मध्ये उंच मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज तेथे आभाळाखाली फरशी आहे, फरशीत थडगी आहेत आणि उरलेला अर्धा मनोरा आहे. दगड तोच, चुना तोच, पाऊसही तोच. मग एक देऊळ राहिले आणि दुसरे का पडले? टेकडीवरची प्रार्थना थांबली; खालची थांबली नाही. पन्नास माणसे का होईनात, ती आली. जेथे रोज कोणी दिवा लावतो तेथे छपराची गळती कोणाच्या तरी ध्यानात येते. जेथे कोणी येतच नाही तेथे पहिली फट कोणी पाहत नाही. घराचे असेच असते, कुटुंबाचे असेच असते आणि श्रद्धेचेही असेच असते.

प्रिय वाचकहो, आता आम्हांस एका दुःखद गोष्टीचा उल्लेख करावयाचा आहे. यात्रेकरूस केवळ गोड तेवढे सांगावे, असे काहींस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या काळात हे देऊळ उभे राहत होते त्याच काळात गोव्यात हिंदूंची देवळे पाडण्यात आली. श्रीमंगेशास कुशस्थळीहून आणि श्रीशांतादुर्गेस केळोशीहून त्यांच्या भक्तांनी रातोरात नदीपार अंत्रुजमध्ये, म्हणजे आजच्या फोंड्याकडे नेले, ही गोष्ट महाराष्ट्रात आणि गोव्यात घरोघर ठाऊक आहे. सन १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय आले आणि मधला थोडा काळ वगळता ते सन १८१२ पर्यंत चालले. त्याची इमारत या महामंदिराच्या चौकालगतच होती. त्या न्यायालयाने कित्येकांस, आणि त्यांत बहुसंख्य बाप्तिस्मा घेतलेल्यांसच, छळले.

आणि ती घंटा जेथे ओतली गेली ते कुंकळ्ळी गाव? सन १५८३ मध्ये, आपली देवळे पाडली गेल्याने संतप्त झालेल्या तेथील लोकांनी पाच जेझुइटांस ठार केले. त्यांत फादर रुडोल्फ आक्वाव्हिवा होते. सन १५८० मध्ये अकबराच्या दरबारी गेलेल्या पहिल्या जेझुइट मंडळीचे ते प्रमुख होते. पवित्र सभेने सन १८९३ मध्ये त्या पाचही जणांस धन्यवादित म्हणून घोषित केले. परंतु कथा तेथे संपत नाही. पोर्तुगिजांनी त्या गावच्या प्रमुखांस बोलणीसाठी म्हणून बोलावून घेतले आणि त्यांची कत्तल केली. आज कुंकळ्ळीस त्या प्रमुखांचेही स्मारक आहे. दोन्हीकडच्या मातांनी अश्रू गाळले. सोन्याच्या घंटेचा नाद कानी पडेल तेव्हा दोन्हीकडच्या मृतांसाठी प्रार्थना करावी, असे आम्ही आमच्या मंडळीस सांगितले, आणि तशी ती त्यांनी केली.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोम येथे सर्व जगासमक्ष, ख्रिस्ती लोकांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दल देवाची क्षमा मागितली. पापनिवेदन केल्याने माणूस लहान होत नाही, हे आपण मुलांस शिकवितो. जे एका माणसास लागू तेच पवित्र सभेच्या लेकरांसही लागू आहे. आपण आपल्या हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या बांधाला बांध लावून राहतो. त्यांच्यापैकी कोणी या इतिहासाविषयी विचारले, तर आपण मान खाली घालून खरे तेच सांगावे. वाद घालू नये आणि लपवूही नये.

परंतु त्याच अंधाऱ्या काळात, त्याच साष्टी प्रांतात, एक निराळे काम चालू होते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट सन १५७९ मध्ये गोव्यास आले होते. कुंकळ्ळीस जे पाच जण मारले गेले ते त्यांचे संस्थाबंधू. त्या घटनेनंतर साष्टीतील लोकांविषयी त्यांच्या मनात कटुता भरली असती तर ते मनुष्यस्वभावास धरूनच झाले असते. पण त्यांनी काय केले? ते त्या लोकांची भाषा शिकत राहिले. नव्या ख्रिस्ती लोकांची एक तक्रार होती: आमची जुनी पुराणे तुम्ही सोडावयास लावली, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय? ही तक्रार फादर स्टीफन्स यांस खरी वाटली. त्यांनी लेखणी हाती घेतली आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत, मराठी भाषेत, प्रभू येशू ख्रिस्ताची कथा सुमारे ११ हजार ओव्यांत सांगितली. तेच 'क्रिस्तपुराण'. सन १६१६ मध्ये ते राचोल येथे रोमन अक्षरांत छापले गेले. सन १६१९ मध्ये फादर स्टीफन्स देवाघरी गेले. ज्या वर्षी महामंदिराचे मुख्य बांधकाम पुरे झाले, तेच हे वर्ष.

आता या दोन देवळांचा प्रवास पाहा. एक दगडाचे, दुसरे शब्दांचे. दगडाच्या देवळास राजाचा खजिना होता. शब्दांच्या देवळामागे एका धर्मगुरूची चिकाटी होती. क्रिस्तपुराणाच्या सन १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मग सन १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांची भाषा दडपून पोर्तुगीज चालविण्याचा हुकूम काढला. पुढे त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उरली नाही. दगडाच्या देवळाचा निदान एक मनोरा तरी राहिला. शब्दांच्या देवळाचा कागदही राहिला नाही! तरीही ते पडले नाही, कारण लोकांनी ते हाताने उतरवून घेतले होते, पेट्यांत जपले होते आणि मिस्सेनंतर व सणावारी गाऊन मुखोद्गत केले होते. गोव्यातून मंगळूरकडे स्थलांतर केलेल्या कुटुंबांनीही ते बरोबर नेले. अशा हस्तलिखितांवरूनच सन १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले, आणि आज ते देवनागरीत, आधुनिक मराठी रूपांतरासह वाचावयास मिळते. त्याच्या या पुनर्जन्माचे श्रेय खेड्यापाड्यांतील साध्या कुटुंबांचे आहे.

सांगावयाचे तात्पर्य हे, की महामंदिर जपले ते रोज येणाऱ्या थोड्यांनी, आणि क्रिस्तपुराण जपले ते रोज गाणाऱ्या थोड्यांनी. मोठेपण बांधणाऱ्याच्या पैशात नाही. जपणाऱ्याच्या नेमात आहे. "हे बांधलं कोणासाठी?" या प्रश्नाचे आमचे उत्तर असे, की जे रितेपणाला न भिता त्यात येऊन गुडघे टेकतात त्यांच्यासाठी. त्या सकाळी तेथे पन्नासांहून कमी माणसे होती हे खरे. परंतु त्यांत आपणही होतो, आणि त्या सकाळपुरते ते देऊळ आपल्यासाठीच बांधलेले होते.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहाचे दहा वर्षांनी होणारे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. त्या वेळी तो देह बॉम जेझू बासिलिकेतून याच महामंदिरात आणून ठेवला होता, आणि लाखो भाविकांच्या रांगा त्यातून गेल्या. म्हणजे हे विशाल देऊळ दहा वर्षांतून एकदा भरून वाहते. पण त्या गर्दीसाठी दार उघडे मिळते, याचे कारण मधली नऊ वर्षे कोणीतरी ते दररोज उघडीत असतो.

आमच्या वाचकांस तीन गोष्टी सुचवून आम्ही आटोपते घेतो. पहिली: गोव्यास जाल तेव्हा प्रथम बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ जा, तेथे आपल्या बाप्तिस्म्याची वचने मनात पुन्हा म्हणा, आणि मग सोने पाहा. डोके आणि खांदे झाकतील अशी वस्त्रे असावीत, आणि छायाचित्रे काढण्याआधी प्रार्थना व्हावी, हे निराळे सांगावयास नको.

दुसरी: आपले स्वतःचे महामंदिर गोव्यास नाही. ते खांडव्यास आहे. सन १९७७ मध्ये खांडवा धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हापासून आपल्या बिशपमहोदयांचे आसन तेथे आहे. बुऱ्हाणपूरपासून ते सुमारे ७० किलोमीटर. गोव्यास जाण्यासाठी वर्ष वर्ष पैसा साठविणाऱ्या किती कुटुंबांनी आपल्या मुलांस ते आसन दाखविले आहे? पवित्र आठवड्यात बिशपमहोदय सर्व धर्मगुरूंसमवेत पवित्र तेलांस आशीर्वाद देतात. त्याच तेलाने आपल्या बालकांचा अभ्यंग होतो आणि आपल्या आजाऱ्यांच्या कपाळी क्रूसाची खूण उमटते. येत्या वर्षी प्रत्येक गावातून निदान एका कुटुंबाने त्या मिस्सेस जावे, अशी आमची इच्छा आहे.

तिसरी गोष्ट घरातली आहे. दिवेलागणीस जपमाळ झाल्यावर घरातील जो कोणी वाचू शकतो त्याने शुभवर्तमानाचा एक उतारा मोठ्याने वाचावा. मग तो इयत्ता तिसरीतील मुलगा का असेना. आजी-आजोबांनी तो ऐकावा, आणि त्यांस जी जुनी गीते पाठ असतील ती मुलांस शिकवावीत. साष्टीच्या शेतकऱ्यांनी एवढेच केले होते.

राहता राहिले आपल्या चर्चचे पत्र्याचे छप्पर. पावसाळ्यापूर्वी ते एकदा तपासून घ्यावयाचे आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर ज्यांस शक्य असेल त्यांनी शिडी, खिळे आणि डांबर घेऊन थांबावे.